गावचा पाइप बँड : पदकासाठी की गावासाठी?

अंगणवेल

मंडळी, एका वादात तुमचं मत हवंय. विषय इथल्या बहुतेकांच्या रोजच्यातला नाही, म्हणून आधी जरा सविस्तर लिहिते.

आम्ही स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा आणि ग्लासगोच्या मधल्या पट्ट्यातल्या एका जुन्या खाणगावात राहतो. गावाचा स्वतःचा पाइप बँड आहे. लेक तिथे पाइप, म्हणजे बॅगपाइप, शिकतो. त्याला सोडायला-आणायला जाता जाता मलाही टेनर ड्रमवर उभं केलं गेलं, आणि आता मी तिथली पक्की सभासद आहे. पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. विषय एकच : येत्या उन्हाळ्यात स्पर्धांना उतरायचं की नाही. त्यावरून चहाच्या टेबलावर लोक एकमेकांकडे पाठ करून बसायला लागलेत.

पाइप बँड म्हटलं की आपल्याला २९ जानेवारीचा विजय चौक आठवतो, बीटिंग रिट्रीटमधले लष्करी बँड. मूळ तेच. पाइप आणि ड्रम एकत्र वाजवायची पद्धत एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्यातल्या हायलँड पलटणींनी रुळवली. तिथून ती पोलिसांकडे आली (ग्लासगोजवळच्या गोवन पोलिसांचा बँड १८८३चा) आणि मग खाणी-कारखान्यांच्या गावांत पसरली. फॉलकर्कजवळच्या वॉलेसस्टोनचा बँड १८८७पासून आहे. शॉट्स, बाथगेट ही नावं पाइप बँडच्या दुनियेत आजही दबदब्याची आहेत, आणि दोन्ही खाणींचा मुलूख. खाणी बंद पडल्या, बँड राहिले.

आमच्यात सैनिक कोणी नाही. पाइप मेजर, म्हणजे संगीताचा सर्वेसर्वा, दिवसा इलेक्ट्रिशियन आहे. ड्रमची प्रमुख नर्स आहे. बाकी निवृत्त पोस्टमन, दोन शिक्षक, शाळकरी पोरं, आणि मी. पगार कुणालाच नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये सराव : आधी शिकाऊ मुलं, मग मोठा बँड, मध्ये चहा-बिस्किटं.

गावाला बँड लागतो कशाला? जूनमध्ये गाला डे असतो, गावातल्या मुलांची मिरवणूक, तिच्या पुढे. नोव्हेंबरात रिमेम्ब्रन्स संडेला युद्धस्मारकापाशी. २५ जानेवारीला बर्न्स सपर, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीचं जेवण, हॅगिसची (मेंढीच्या मांसाचा इथला पदार्थ) थाळी वाजतगाजत टेबलावर येते तेव्हा. लग्नं, शाळेचे कार्यक्रम, आणि सगळ्यात जास्त म्हणजे अंत्यसंस्कार. गावातलं जुनं माणूस गेलं की एक पाइपर कबरीपाशी उभा राहतो. त्याचे पैसे आमचा बँड घेत नाही.

आता स्पर्धा. रॉयल स्कॉटिश पाइप बँड असोसिएशन (स्थापना १९३०, 'रॉयल' नंतर लागलं) बँडना श्रेणी देते : १, २, ३ए, ३बी, ४ए, ४बी, शिवाय शाळकरी मुलांचे वेगळे गट. मे ते ऑगस्ट पाच मोठ्या स्पर्धा, शेवटची जागतिक, ग्लासगो ग्रीनच्या मैदानावर. आम्ही ४बी, म्हणजे मोठ्यांची सगळ्यात खालची पायरी. चालत मैदानात यायचं, वर्तुळ करायचं, तीन-चार मिनिटांचा मार्चचा संच वाजवायचा. भोवती चार परीक्षक : दोघं पाइपचे, एक ड्रमचा, आणि एक फक्त सगळ्यांचा मेळ ऐकायला.

ती तीन-चार मिनिटं बिनचूक यायला ऑक्टोबरपासून तेच तेच घोटावं लागतं. गाला डेला मात्र तासभर चालत वाजवायचं तर निदान पंधरा-वीस चाली तोंडपाठ हव्यात, त्या मागे पडतात. शिकाऊ मुलं कोपऱ्यात राहतात, कारण पाइप मेजरचा सगळा वेळ वर्तुळातल्यांवर जातो. आणि ज्यांना घासूनपुसून तयार केलं, ती पोरं सोळा-सतराव्या वर्षी शेजारच्या गावच्या वरच्या श्रेणीच्या बँडमध्ये जातात. म्हणून एक गट म्हणतो, पुरे झाली स्पर्धा. दुसरा गट म्हणतो, स्पर्धा सोडलीत तर उरलेली पोरंही जातील आणि आपला सूर मिरवणुकीच्या लायकीचा उरेल, बस्स.

माझा कल पहिल्या गटाकडे आहे. इथे ढोल-ताशा पथकांत मुरलेले बरेच आहेत, तुमच्याकडे हे कसं चालतं?

सांजवात

अंगणवेलताई, मस्त धागा. वाचनखूण साठवली.

मी पुण्यात पथकात ताशा वाजवते. आमच्याकडे गर्दी येते जूनमध्ये, गणपतीच्या आधी, आणि अनंत चतुर्दशी झाली की मैदान रिकामं. तुमचं बारमाही आहे हेच मोठं. स्पर्धेबद्दल मी दुसऱ्या गटात. आमच्या पथकात स्थिरवादनाची स्पर्धा ठरली त्या वर्षी पहिल्यांदा लोक वेळेवर आले. नुसत्या मिरवणुकीला थोडं चुकलं तरी गर्दीच्या आवाजात खपून जातं, आणि ते खपतं हे वाजवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

वर्गणी किती असते? वाद्य ज्याचं त्याचं की बँडचं?

अंगणवेल

शिकवणी फुकट. सभासद वर्गणी नावापुरती. सुरुवात प्रॅक्टिस चँटरवर होते, म्हणजे पिशवी नसलेली बारीक आवाजाची पिपाणी, ५०-७० पौंडांत चांगली मिळते. निदान वर्षभर तेवढीच. तिच्यावर बोटं बसली की मग पाइप. नवे चांगले पाइप हजार पौंडांच्या पुढेच, म्हणून मुलांना बँडचे जुने संच वापरायला देतो. ड्रम, किल्ट (चौकड्यांचा स्कॉटिश घागरा), कोट सगळं बँडचं.

पैसा उभा राहतो तो लग्नांच्या बिदागीतून, लॉटरीतून, आणि सुपरमार्केटात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून देऊन. हो, किल्ट घालून उभं राहायचं, लोकांचं सामान पिशवीत भरायचं, लोक डब्यात नाणी टाकतात. पाच मोठ्या स्पर्धांना बस करून जायचं म्हटलं की वर्षाची बरीचशी पुंजी डिझेलमध्येच जाते. माझ्या विरोधाचं अर्धं कारण हेच, मी खजिनदाराच्या शेजारी बसते.

षड्जपंचम

वादाबद्दल नंतर लिहितो. आधी सुराबद्दल, कारण मला हे वाद्य फार दिवस छळतंय.

मी गातो. एडिंबऱ्याच्या रस्त्यावर पहिल्यांदा पाइप ऐकला तेव्हा बरोबरचा पियानो वाजवणारा मित्र म्हणाला, बेसूर आहे. मला तो अजिबात बेसूर वाटला नाही. घरी येऊन स्वर मांडले. चँटरवर, म्हणजे पाइपच्या ज्या नळीवर बोटं फिरतात तिच्यावर, नऊच स्वर आहेत. मुख्य स्वराला सा धरला तर : खाली मंद्र कोमल निषाद, मग सा रे ग म प ध, कोमल नी, तार सा. म्हणजे सरळ खमाज थाट! वर-खाली दुसरा स्वरच नाही.

आणि खांद्यावर जे तीन दांडे असतात ते अखंड षड्ज देतात : दोन टेनर ड्रोन चँटरच्या सा-च्या एक सप्तक खाली, बास ड्रोन आणखी एक सप्तक खाली. चँटरचे बाकी स्वर त्या षड्जाशी जुळवलेले असतात, पियानोच्या समान वाटणीशी नाही. त्यामुळे गंधार पियानोच्या गंधारापेक्षा उतरलेला, आपल्या तानपुऱ्यातून निघतो तो स्वयंभू गंधार. कोमल निषाद तर मला आपल्याहूनही खाली वाटला. पियानोवाल्याला तो टोचणारच.

पट्टी मात्र विचित्र. मोजली तर सा ४८०च्या आसपास येतो. काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्येच कुठेतरी. असं का?

अंगणवेल

षड्जपंचम, तुमचा प्रतिसाद पाइप मेजरला भाषांतर करून ऐकवला. खमाजचं रेकॉर्डिंग हवंय म्हणाला, पाठवा.

पट्टी चढत गेली हे खरं. कागदावर आमचा सा 'ए' लिहितात, वाजतो बी-फ्लॅटच्याही वर. जुने पाइप पुष्कळ खालचे होते. चढा सूर मैदानात उठून दिसतो, परीक्षकाच्या कानाला झळाळी येते, म्हणून स्पर्धावाले चढवत गेले आणि रीड (आत कंप पावून आवाज काढणारी पत्ती) आणि चँटर बनवणारे त्यांच्यामागे. (हाही स्पर्धेचाच प्रताप, माझ्या बाजूचा मुद्दा समजा.)

जुळवणं हा बँडचा खरा व्यवसाय आहे, वाजवणं नंतर. दहा-बारा पाइपर, प्रत्येकाचे तीन ड्रोन, प्रत्येक चँटरचे नऊ स्वर. चँटरच्या भोकांवर चक्क इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी लावतात. भोक वरून थोडं झाकलं की तो स्वर उतरतो. पाइप मेजर एकेकापुढे कान देऊन उभा राहतो, चिकटपट्टी केसभर सरकवतो, पुढे जातो. आणि हे सगळं करून हॉलमधून बाहेरच्या थंडीत गेलात की रीड गार पडून सूर खाली. श्वासातल्या ओलीनं पुन्हा हलतो. मैदानावर पाऊस असेल तर बोलायलाच नको, आणि स्कॉटलंडमध्ये तो असतोच.

दुसरी गंमत गाणाऱ्यांसाठी. या वाद्यात आवाज थांबवता येत नाही, लहान-मोठाही करता येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये काय करणार? म्हणून कणस्वर. दोन स्वरांच्या मध्ये बोट इतक्या झटक्यात उचलायचं की कानाला स्वर नाही, फक्त खटका कळतो. त्यांचे ठरलेले गुच्छ आहेत, नावं आहेत : डबलिंग, ग्रिप, टाओरलुआ, बर्ल. बर्लमध्ये करंगळी खालच्या भोकावर दोनदा फिरते. माझ्या लेकाचा अख्खा एक हिवाळा त्या करंगळीत गेला.

स्वरलिपीच्या आधी हे सगळं तोंडी शिकवत. त्याला कॅंटराख म्हणतात, 'हिन', 'हो', 'दिन' असे बोल गाऊन चीज शिष्याच्या गळ्यात उतरवायची, मग बोटांत. स्काय बेटावरच्या मॅक्रिमन घराण्यानं, मॅक्लाउड सरदारांच्या वंशपरंपरागत पाइपरांनी, ही परंपरा पिढ्यानपिढ्या सांभाळली. त्यांचं पिब्रोख हे विलंबित अंगाचं संगीत बँडमध्ये वाजत नाही, ते एकट्यानं वाजवायचं. तुम्ही ते ऐकाच.

जुनाबाजार

छान माहिती. थोडी भर : १७४६ला कलोडनच्या लढाईत हायलँडवाल्यांचं बंड मोडल्यानंतर इंग्रजांनी कायदा करून बॅगपाइपवर बंदी घातली होती. वाद्यावर बंदी घालणारे राज्यकर्ते, आणि पुढे तेच वाद्य त्यांनीच आपल्या फौजेत लावून जगभर नेलं, हिंदुस्थानातही.

नकाशेवाला

@जुनाबाजार, ही गोष्ट सगळीकडे छापलेली सापडते, पण कायद्यात तसं नाही. त्या कायद्यानं शस्त्रं काढून घेतली आणि हायलँडचा पोशाख बंद केला. पोशाखावरची बंदी १७८२ला उठली. पाइपचा उल्लेख त्यात कुठेच नाही. गोंधळ होतो तो जेम्स रीड नावाच्या पाइपरमुळे. बंडखोर सैन्यात होता, १७४६ला यॉर्कला खटला चालला. मी तलवार धरली नव्हती, फक्त पाइप वाजवत होतो, असा बचाव. न्यायालयानं म्हटलं, हायलँडची पलटण पाइपशिवाय कूच करत नाही, तेव्हा ते युद्धाचंच साधन. फाशी दिलं. एका माणसाची ही शिक्षा पुढे सगळ्या वाद्यावरची बंदी म्हणून सांगितली जाऊ लागली.

सैन्यानं ते वाद्य आपलंसं केलं आणि हिंदुस्थानात रुजवलं हे मात्र अगदी खरं. गढवाल-कुमाऊंमध्ये आज लग्नाच्या वरातीत मशकबीन वाजते ती फौजेतूनच गावात आली.

जुनाबाजार

मान्य. जेम्स रीडचं वाचतो.

पाटावरवंटा

कोणाला राग आला तर येवो. पोरांना परदेशात नेऊन परक्यांच्या पिपाण्या शिकवायच्या, आणि सनई-संबळ ऐकून माहीत नाही. कौतुक कशाचं?

अंगणवेल

राग नाही आला. इथल्या आमच्या गावात संबळ शिकवणारं कोणी भेटलं तर लेकाला उद्या पाठवते. मिळेपर्यंत जे गावात वाजतं ते तो वाजवेल. परवा शेजारच्या आजी गेल्या, त्यांच्या घरच्यांनी विचारलं, तेव्हा कबरीपाशी मोठ्या पाइपरच्या शेजारी तो उभा होता. ज्या गावात राहतो तिथे माणसानं काहीतरी उपयोगाचं असावं, एवढंच.

सांजवात

@पाटावरवंटा, भारतातही शाळाशाळांत पाइप बँड आहेत. प्रजासत्ताक दिनाच्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत ब्रास बँड आणि पाइप बँड असे वेगळे गट असतात, मुलींचे वेगळे. तेव्हा परकं-आपलं जरा सांभाळून.

अवांतर : किल्टला खरंच आठ यार्ड कापड लागतं का?

अंगणवेल

लागतं. जाड लोकर, मागे घड्याच घड्या. आमच्या सासूबाई आल्या होत्या, हातात घेऊन म्हणाल्या, "म्हणजे आठवारीच की! नऊवारीपेक्षा एकच वार कमी, आणि नेसायला दहा मिनिटं कमी." पण कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या घालून ठेवाव्या लागतात हे त्यांना ओळखीचं वाटलं.

नाडीपरीक्षा

डॉक्टर म्हणून एक सूचना, घाबरवण्यासाठी नाही. 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ला एका पाइपरची केस आली होती. वर्षानुवर्षं फुप्फुसाचा आजार, कारण सापडेना. तो काही महिने पाइपशिवाय परदेशी राहिला तेव्हा बरं वाटलं. पिशवी आणि रीडवरचे नमुने तपासले तर बुरश्यांची वसाहत. रुग्ण वाचला नाही. ओला श्वास आणि बंद पिशवी, बुरशीला आणखी काय हवं! वाजवून झालं की सुटं करून वाळवा, पुसा. आणि कानांत प्लग घाला. शंभर डेसिबलच्या वरचा आवाज, तोही बंद हॉलमध्ये, दहा जणांचा.

अंगणवेल

धन्यवाद डॉक्टर. प्लग सक्तीचे आहेत, वाळवण्याचं लेकाला दाखवते. आईचं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकेल.

फ्रेझरकाठ

मी व्हँकुव्हरजवळ. मूळ वादावर कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो.

इथला सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीचा बँड सहा वेळा जगज्जेता झालाय, पहिल्यांदा १९९५ला. बाहेरच्यांना दिसतो तो एकच बँड, पण त्याच्याखाली रॉबर्ट माल्कम मेमोरियल नावानं मुलांच्या बँडची उतरंड आहे. मूल खालून वर चढतं, बाहेर कुठे जावंच लागत नाही. स्कॉटलंडमधलंच पाहायचं तर इनव्हरेरी : लॉख फाइनच्या काठचं काहीशे वस्तीचं गाव. २००५ला तिथे मुलांना घेऊन बँड उभा राहिला. तीच मुलं मोठी होत गेली, बँड श्रेणी चढत गेला, आणि २०१७ला पहिल्या श्रेणीचं जागतिक विजेतेपद. २०१९ला पुन्हा. त्यांनी स्पर्धा की शिकवणी असा प्रश्नच ठेवला नाही.

आणि ४बीला हलकं समजू नका. २०१९ला ४बीचं जागतिक पद कोणाकडे गेलं माहितीये? क्वालालंपूरच्या श्री दशमेश पाइप बँडकडे. मलेशियातली शीख मुलं, पगडी आणि किल्ट. १९८६पासूनचा बँड. लंडनला स्वामीनारायण संप्रदायातल्या गुजराती मंडळींचा मुक्तजीवन स्वामीबापा बँड १९७२पासून चालतोय. दोन्हीकडे आधी समाज होता, बँड नंतर आला. अशांना पोरं पळून जायची धास्ती कमी असते. तुमच्या गावात ती आहे कारण शेजारी वरच्या श्रेणीचा बँड आहे. स्पर्धा सोडलीत तर तो हलणार आहे का?

अंगणवेल

हलणार नाही, हे खरं. पण उतरंड उभी करायची तर शिकवणारे हात हवेत. आमच्याकडे पाइप शिकवू शकणारे तिघंच, आणि तिघंही वर्तुळात लागतात. शाळेत वाद्यशिक्षणाची फी २०२१पासून बंद झाली, त्यामुळे मुलांचा ओघ आहे. अडतंय ते गुरूंपाशी.

षड्जपंचम

मग पाचच्या पाच मोठ्या स्पर्धा कशाला? दोनच करा. उरलेले शनिवार शिकाऊंना. परीक्षकाच्या शेऱ्यांचे कागद मिळतात ना हातात? तेवढ्यासाठी तरी एखादी स्पर्धा हवीच. आपल्या गायकीत असं चौघांनी लेखी सांगायची सोय असती तर अर्ध्या मैफिली सुधारल्या असत्या.

काटकसर

जरा वेगळं. लेकीसाठी ऑनलाइन पाइप बघतोय, शंभर-सव्वाशे पौंडांत पूर्ण संच दाखवतात, किल्टसकट. घ्यावा का? शिसमचा आहे म्हणे.

अंगणवेल

नको हो दादा! सियालकोटला पाइप बनवण्याचा मोठा उद्योग आहे, तिथे चांगलं काम करणारेही आहेत, पण या भावातले संच भिंतीवर टांगायचे. भोकं जागच्या जागी नसतात, हवा गळते, पोरगी दमते आणि आपल्यालाच येत नाही असं समजून सोडून देते. चांगले पाइप आफ्रिकन ब्लॅकवुडचे असतात. टांझानिया-मोझांबिकमधलं झाड, आपल्या शिसवाचं भाऊबंद, पण कितीतरी घट्ट आणि जड. एक चांगला प्रॅक्टिस चँटर घ्या आणि जवळच्या बँडला फोन करा. शिकाऊ आहे म्हटलं की कुठलाही बँड नाही म्हणत नाही. जुना संच घेणार असाल तर हस्तिदंत नाही ना ते बघा, सीमेवर अडकाल.

अंगणवेल

सभा झाली, म्हणून धागा वर काढते.

तीन तास चालली. षड्जपंचम यांचा तोडगा मी माझ्या नावावर खपवला, माफी असावी. यंदा दोनच मोठ्या स्पर्धा, त्यातली एक जागतिक. बाकी शनिवार शिकाऊंचे. गाला डेच्या दिवशी स्पर्धा आली तर गाला. यावर मतदान झालं तेव्हा ड्रमच्या प्रमुखानं हात वर केला नाही आणि अजून माझ्याशी धड बोलत नाही. दोन मोठ्या मुलांनी शेजारच्या बँडचा फॉर्म भरलाय असं कानावर आहे. फ्रेझरकाठ म्हणतील, मी सांगितलं होतं.

शिकवणाऱ्यांत चौथं माणूस मात्र मिळालं. निवृत्त पोस्टमन म्हणाले, मी स्पर्धेत उभा राहत नाही, गुडघे दुखतात, नवख्यांना मी घेतो.

फ्रेझरकाठ

मी सांगितलं होतं. पण पोस्टमनबुवा लाखमोलाचे, त्यांना जपा. मोठ्या मुलांनाही भांडून जाऊ देऊ नका. वरच्या बँडमध्ये शिकलेली पोरं तिशीत लग्न-मूल झालं की गावी परततात. आमच्याकडे शिकवणाऱ्यांतले निम्मे असे परतलेले आहेत.

सांजवात

मी ऑगस्टमध्ये ग्लासगोला मावसबहिणीकडे येतेय! जागतिक स्पर्धेला येऊन उभं राहता येईल का? तिकीट लागतं?

अंगणवेल

ये की! तिकीट लागतं, आधी ऑनलाइन काढ. दोन दिवस असतं, शुक्रवार-शनिवार. आमचं ४बीचं सकाळीच उरकतं, तेव्हा लवकर ये. गाडी आणू नकोस, सेंट्रल स्टेशनवरून चालत ये. रेनकोट आण, छत्री नको, मागच्यांना दिसत नाही. दुपारी पहिल्या श्रेणीच्या मैदानापाशी जागा धरून ठेवते. आणि येताना भाकरवडी.